जुन्या घराच्या भिंतीला ओल : केमिकल, टाइल्स की आणखी काही?

चाफेकळी (१२ जुलै)
ठाण्यात चरईत सासरचं जुनं घर आहे. तळमजला आणि वर एक मजला. जोतं काळ्या दगडाचं, भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या, दीड फूट जाड. सासूबाईंच्या सांगण्यानुसार १९५० च्या आगेमागे बांधलेलं. माजघराच्या गल्लीकडच्या भिंतीला ओल आहे. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास रंग लावून घेतो आणि होळीपर्यंत पोपडे सुटून खाली पांढरी भुकटी पडायला लागते. लग्न होऊन आले तेव्हा ओल गुडघ्याएवढी होती, आता कमरेच्या वर गेली आहे.

तीन जण बघून गेले. एकाने केमिकलचे दोन हात सांगितले, दुसऱ्याने चार फुटांपर्यंत टाइल्स, तिसऱ्याने भिंतीला भोकं पाडून केमिकलचं इंजेक्शन. तिघांनीही भिंतीवर एकदा टकटक केलं आणि लगेच टेप काढून चौरस फूट मोजायला लागले. पाणी येतंय कुठून, हे एकानेही विचारलं नाही, म्हणून इथे विचारतेय. घर पाडायचं नाहीये, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

कोपरीकर (१२ जुलै)
'रिडेव्हलपमेंटला द्या' एवढं लिहायला लॉगिन केलं होतं. शेवटचं वाक्य वाचून लॉगआउट करतोय.

घरकोंबडा (१२ जुलै)
वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे खारकर आळीत हीच रड आहे.

झटपटराव (१२ जुलै)
ताई, फार विचार करू नका. पीव्हीसीचे पॅनल लावा. आम्ही हॉलला लावले, दोन दिवसांत काम झालं, धूळ नाही, घाण नाही. पाहुणे विचारतात इंटिरिअर कोणाकडून केलं म्हणून.

ओळंबा (१३ जुलै)
चाफेकळी, तुम्ही विचारलेला प्रश्न त्या तिघांनी विचारायला हवा होता. मी या धंद्यात आयुष्य काढलंय (आता निवृत्त), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरात पाणी येण्याच्या वाटा मोजक्याच. एक, जमिनीतून वर चढणारं. विटांच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून ते आपोआप चढतं, साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत जातं आणि तिथे आडवी, नागमोडी डागाची रेघ सोडतं. दोन, बाहेरून आत येणारं पावसाचं. ते बहुधा पश्चिम-दक्षिणेच्या भिंतीतून येतं, कारण आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. तीन, पाइप, मोरी, बाथरूमचं. ते बाराही महिने असतं आणि त्याचा डाग एका जागेपासून पसरत जातो. चौथं म्हणजे हवेतलं. थंड भिंतीवर, कपाटामागे, जिथे वारा खेळत नाही तिथे काळी बुरशी धरते ते.

तुमच्याकडे पांढरी भुकटी आहे, म्हणजे लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारे क्षार) लागलाय. उंची हळूहळू वाढली आहे आणि भिंत तळमजल्याची आहे. माझा संशय पहिल्यावर आहे, पण संशयावर काम काढू नये. आधी चार गोष्टी सांगा. ओल मे महिन्यातही असते का? त्या भिंतीवर कधी सिमेंटचा गिलावा झालाय का? भिंतीपलीकडे काय आहे? आणि बाहेरच्या गल्लीची पातळी घरातल्या फरशीपेक्षा वर आहे की खाली?

एक चाचणी घरीच करा. भिंतीवर हातभर चौकोनी जाड प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतली.

मनीमाऊ (१३ जुलै)
@झटपटराव, पॅनलच्या मागे काय चाललंय ते बघितलंत का हो?

झटपटराव (१३ जुलै)
नाही, आणि बघणारही नाही. दिसत नाही म्हणजे नाही.

मनीमाऊ (१३ जुलै)
:हहगलो: (हसून हसून गडाबडा लोळतेय) घरात दम्याचं कोणी असेल तर मात्र बघा. मागे बुरशी बसली की वास आधी येतो, मग खोकला.

आमचं दुखणं वेगळं आहे. कोपरखैरणे, चौथा मजला, बेडरूमची भिंत पश्चिमेला. खिडकीवर छज्जा म्हणून जेमतेम टीचभर पट्टी आहे. जुलैत त्या भिंतीला हात लावला की गार आणि ओलसर लागते, नोव्हेंबरात आपोआप सुकते. बाहेरून रंग लावून झालाय. पण दोष रंगात नव्हताच, खिडकीच्या चौकटीभोवती फट होती. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी केसासारखी बारीक भेग खाली उतरलेली, पाऊस थांबला की तेवढीच रेघ ओली राहायची, बाकी भिंत सुकायची. ती दिसली तेव्हा उलगडा झाला. भेग खोलून भरून घेतली, चौकटीला सिलिकॉन सीलंट मारलं. यंदा अजून तरी शांतता आहे.

सागरगोटा (१३ जुलै)
वरच्या मजल्यावरच्यांची आंघोळ कधी झाली ते आम्हाला भिंत बघून कळतं. रविवारी उशिरा उठतात.

उपविधीबाबा (१४ जुलै)
@सागरगोटा, हसण्यावारी नेऊ नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची, सामायिक पाइप ही कामं संस्थेची. गच्चीतून पाणी झिरपून शेवटच्या मजल्याचं छत आणि त्याचा गिलावा गेला तर तेही संस्थेनेच करून द्यायचं. संडास, बाथरूम, सिंक यांची आतली गळती मात्र ज्याची त्याने. तेव्हा वरच्यांना आधी तोंडी सांगा, मग संस्थेकडे लेखी द्या आणि पोच घ्या. आपल्याकडे लोक तोंडी भांडतात दहा वर्षं आणि कागद एकही नसतो.

सागरगोटा (१४ जुलै)
बाबा, वरचे चेअरमन आहेत.

उपविधीबाबा (१४ जुलै)
मग पोच दोन घ्या.

ओळंबा (१४ जुलै)
सागरगोटा, भांडायच्या आधी खात्री करून घ्या. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भोकाला) बोळा घालून दोन बोटं पाणी भरून ठेवायचं, त्यात रंग टाकायचा, २४ तास कोणी वापरायचं नाही. खाली रंगीत ओल आली की वाद संपला. पाण्याची पातळी न उतरता ओल तशीच असेल तर फरशी निर्दोष, मग भिंतीतले पाइप बघायचे. पुष्कळदा टाइल्सचे सांधे आणि ट्रॅपचा गळा एवढंच गेलेलं असतं. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं की सगळी फरशी फोडावी लागत नाही.

सेक्टर_सतरा (१५ जुलै)
वाशीतून. आमचा तळमजला. ठाणेकरांना वाटतं नवी मुंबई म्हणजे सगळं नवीन. अहो, सिडकोची स्थापनाच १९७० ची. इथल्या सुरुवातीच्या इमारती आता आजोबा झाल्यात. त्यात वाशीचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून उठवलेला. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बंधारे, झडपा आणि पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव, अशी सगळी रचना आहे. जमिनीत थोडं खणलं की पाणी लागतं, आणि तेही खारट. तळमजल्याच्या भिंतीला लोणा लागणारच. आम्ही कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवतो आणि पावसाळाभर एसी ड्राय मोडवर लावतो. बरं पडतं.

गावाकडचा (१५ जुलै)
जुन्या लोकांना अक्कल होती. रुंद वळचण, खाली पडवी, पागोळ्या भिंतीपासून दोन हात लांब पडायच्या. भिंतीला पाऊस लागायचाच नाही. आता सपाट डबे बांधतात, वर काचा लावतात आणि मग वॉटरप्रूफिंगवर खर्च करतात.

सेक्टर_सतरा (१५ जुलै)
बेलापूरला चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज केलं, त्यात हाच विचार होता. बुटकी घरं, मध्ये चौक, उतरती कौलारू छपरं. बऱ्याच जणांनी नंतर छपरं काढून वर स्लॅब टाकले. त्यातल्याच एका घरात माझी मावशी राहते. कौलं होती तेव्हा माकडं कौलं फोडायची म्हणून कटकट, आता स्लॅब गळतो म्हणून कटकट.

गावाकडचा (१५ जुलै)
माकडं परवडली.

ठाणे_वैभवी (१६ जुलै)
गच्चीचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या सोसायटीत गच्चीवर पत्र्याची शेड टाकायचं घाटतंय. कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) नव्याने करायला खूप खर्च सांगितला. पत्रा टाकला की पाणीच येणार नाही, असं सेक्रेटरींचं म्हणणं. कोणाचा अनुभव?

कोपरीकर (१६ जुलै)
आमच्याकडे टाकला. पाणी थांबलं. आता पत्र्यावर पाऊस वाजतो आणि शेवटचा मजला रात्रभर जागा.

उपविधीबाबा (१६ जुलै)
परवानगी घेतल्याशिवाय टाकू नका. आणि बाजू बंद केल्या, खाली लग्नाचे हॉल भरवले की प्रकरण वेगळ्याच वाटेने जातं.

ओळंबा (१६ जुलै)
शेडने पाणी थांबतं हे खरं, पण इमारत जुनी असेल तर आधी खालचा स्लॅब तपासून घ्या. नव्वदच्या दशकापर्यंत ठाणे-कळवा-मुंब्रा भागात खाडीची रेती बांधकामाला सर्रास वापरली जायची. ती नीट धुतलेली नसेल तर तिच्यातलं मीठ काँक्रीटच्या आत राहतं आणि सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं आणि छताचे लपके पडतात. अशा स्लॅबवर नुसता पत्रा टाकला तर वरून पाणी बंद, पण आतला रोग चालूच. इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर तसंही महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६५अ प्रमाणे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. ते करा आणि मग पत्र्याचं ठरवा.

ठाणे_वैभवी (१७ जुलै)
परीक्षण म्हटलं की सगळे घाबरतात. 'सी-वन निघालं तर?'

ओळंबा (१७ जुलै)
सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ती रिकामीच करावी लागते. सी-२ए मध्ये रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी मध्ये राहत राहत दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. बहुतेकांना वाटतं परीक्षण म्हणजे थेट सी-१. परीक्षण न करता राहण्यात कसला शहाणपणा आहे ते मला कधी कळलेलं नाही.

संपादक_मंडळ (१७ जुलै)
धागा भिंतीच्या ओलीवर आहे. गच्चीच्या शेडसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

सागरगोटा (१७ जुलै)
गच्चीचंच पाणी भिंतीत येतं हो संपादक.

फेजन्यूट्रल (१८ जुलै)
कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ओल्या भिंतीत प्लग पॉइंट असेल तर आधी त्याचा एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा खटका) पाडा. भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर 'जरा शॉक येतोय' म्हणून सोडून देऊ नका. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ती बसवा, अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून आहे, दोन पिनांचे प्लग आहेत. रंगाच्या आधी हे.

मनीमाऊ (१८ जुलै)
अनुमोदन. आमची आरसीसीबी पावसाळ्यात सारखी पडायची. इलेक्ट्रिशियन म्हणाला, 'काढून टाकू का? त्रास देते.' त्यालाच काढला.

आजीचा_बटवा (१९ जुलै)
आमच्या माहेरी नौपाड्यात दर वर्षी भिंतींना चुन्याची सफेदी व्हायची. कळीचा चुना पिंपात विरवायचा, खदखदायला लागला की आम्हा पोरांना लांब पिटाळायचे. त्यात मोरचूद घालायचे, म्हणजे बुरशी धरत नाही, आणि शुभ्र दिसायला नीळ. पोपडे सुटायचेच नाहीत, कारण सुटायला वर चामडं नसायचंच. फार तर अंगाला पांढरं लागायचं. हल्लीचे रंग प्लॅस्टिकचे. भिंत आतून घामेजते आणि वर रेनकोट!
(मोरचूद विषारी असतं, लहान मुलं असतील तर जपून.)

तर्कट (१९ जुलै)
आजी, गोड आठवणी आहेत, पण चुन्याने ओल जात नाही. दर वर्षी सफेदी करावी लागायची याचाच अर्थ दर वर्षी खराब व्हायची. एखादं चांगलं पॉलिमर कोटिंग पाच-सात वर्षं टिकतं. उगाच जुनं ते सोनं करू नये.

ओळंबा (२० जुलै)
तर्कट, काँक्रीटच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर पॉलिमर कोटिंग योग्यच. चाफेकळींची भिंत विटा-चुन्याची आहे आणि पाणी, बहुधा, खालून येतंय. तिला आतून कोटिंग मारलं तर पाण्याला बाहेर पडायला जागा मिळत नाही, मग ते कोटिंगच्या वरच्या कडेपर्यंत चढतं. चार फूट टाइल्स लावा, पाचव्या फुटावर ओल दिसेल. चुन्याने ओल जात नाही हे तुमचं बरोबर. चुन्यातून ओल सुकते, एवढंच. जुन्या भिंती त्या हिशेबाने बांधलेल्या होत्या: थोडं पाणी येणार, उन्हाळ्यात निघून जाणार.

तर्कट (२० जुलै)
'बहुधा' वर एवढा मोठा प्रतिसाद?

ओळंबा (२० जुलै)
म्हणून तर चार प्रश्न विचारलेत. उत्तरांची वाट बघतोय.

चाफेकळी (२ ऑगस्ट)
उशीर झाला, माफ करा. घरात गणपतीची तयारी आणि मुलीच्या परीक्षा.

प्लॅस्टिकच्या कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी होतं, थेंबच्या थेंब. खोलीकडची बाजू कोरडी. ओल मे महिन्यातही असते, फक्त कमी. सिमेंटचा गिलावा झालाय. सासऱ्यांना साल आठवत नाही, पण 'ओल होती म्हणूनच केला' असं म्हणाले. म्हणजे त्याआधी ओल कमी होती, हे तेच म्हणाले.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बघायला बाहेर गेले आणि थबकलेच. गल्लीचा रस्ता वर्षानुवर्षं डांबराच्या थरावर थर चढून उंच झालाय. घरात शिरायला पूर्वी तीन पायऱ्या चढायच्या, असं सासूबाई सांगतात. आता एक पायरी आहे आणि तीही अर्धी. काळ्या दगडाचं जोतं जवळपास पूर्ण गाडलं गेलंय. वर कोणीतरी भिंतीला अगदी चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवलेत, उतार भिंतीकडे. पाऊस पडताना मुद्दाम उभी राहून बघितलं. पन्हळीचं पाणी पेव्हरवर पडतं आणि तिथून सरळ भिंतीच्या बुडाशी जाऊन नाहीसं होतं. कुठे वाहून जात नाही. नाहीसं होतं.

गावाकडचा (२ ऑगस्ट)
सापडला चोर.

घरकोंबडा (२ ऑगस्ट)
आत्ता खाली जाऊन आलो. आमच्याकडेही पायऱ्या तीनाच्या दोन झाल्यात!! इतकी वर्षं लक्षातच नाही आलं.

ओळंबा (३ ऑगस्ट)
चाफेकळी, आता इंजेक्शन, टाइल्स सगळं विसरा. जोत्याच्या वरपर्यंत ओली माती टेकली असेल तर कोणतंही केमिकल काय करणार? क्रम असा ठेवा. पन्हळीचं पाणी पाइपने खाली उतरवून गटारात सोडा, हे याच पावसाळ्यात करता येईल. पावसाळा संपला की भिंतीलगतचे पेव्हर काढून हात-दीड हात रुंद चर खणा, जोतं उघडं करा. दगडांच्या दरजा (सांध्यांच्या फटी) तपासा, उघड्या असतील त्या चुन्याच्या मसाल्याने भरा. चरात खडी भरायची तर तिला गटाराकडे उतार हवाच, नाहीतर चर म्हणजे भिंतीला चिकटून खणलेली विहीर होईल. आतून सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाका.

आणि मग थांबा. विटांची भिंत सुकायला इंचाला साधारण महिना धरतात. तुमची भिंत दीड फुटाची. दोन्ही बाजूंनी उघडी राहिली तर लवकर सुकेल, पण आपल्याकडे मधले चार महिने तर हवाच पाण्याने भरलेली असते. यंदा दसऱ्याला रंग लावू नका. चार महिने पाऊस प्यायलेल्या भिंतीला आपण लगेच रंग फासतो आणि रंगाला दोष देतो.

चाफेकळी (३ ऑगस्ट)
दिवाळीला उघडी भिंत? सासूबाई मला उघड्यावर काढतील.

आजीचा_बटवा (३ ऑगस्ट)
त्या भिंतीपुढे आकाशकंदील टांगा आणि मोठी रांगोळी काढा. पाहुणे फराळ बघतात, भिंत कोण बघतं.

झटपटराव (३ ऑगस्ट)
पॅनल...

मनीमाऊ (३ ऑगस्ट)
नाही!

तर्कट (४ ऑगस्ट)
रस्त्याला लागून चर खणायला परवानगी लागेल. जागा कोणाची आहे ते आधी बघा. उद्या कोणी तक्रार केली तर ओळंबा काका येणार नाहीत.

ओळंबा (४ ऑगस्ट)
हा मुद्दा रास्त आहे. मिळकत पत्रिका आणि मोजणीचा नकाशा काढून बघा. भिंतीबाहेर वळचणीपुरती पट्टी घराचीच असेल तर प्रश्न नाही. नसेल तर अर्ज करा, किंवा निदान पेव्हरचा उतार उलटा करून भिंत आणि पेव्हर यांच्या कोनात वाटा (पाणी आत न शिरू देणारा गोलसर भराव) मारून घ्या. तेवढ्यानेही फरक पडतो.

पिंपळपान (६ ऑगस्ट)
भिंतीच्या दुसऱ्या शत्रूची आठवण करून देतो. आमच्या पाचपाखाडीच्या इमारतीत ड्रेनेजच्या पाइपजवळ पिंपळ उगवलाय. वर दोन पानं दिसतात, आत मुळं कुठवर गेली आहेत कोणाला ठाऊक. कापायला माणूस आणला तर तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, पिंपळ तोडू नये. नुसता वरून कापला तर दुपटीने फुटतो. शेवटी भटजींना विचारून, क्षमा मागून, भेग खोलून मुळासकट काढला.

सागरगोटा (६ ऑगस्ट)
आमच्या चेअरमनना तो पाठवा. भिंतीतला.

चाफेकळी (२१ नोव्हेंबर)
धागा वर काढतेय.

वळचणीची पट्टी घराचीच निघाली, मिळकत पत्रिकेवर स्पष्ट आहे. पेव्हर काढून चर खणला. जोत्याचे दगड बाहेर आले तेव्हा सासरे खुर्ची टाकून समोर बसून राहिले होते. लहानपणी ज्या दगडावर बसून ते गोट्या खेळायचे तो सापडला म्हणे. दगड सुंदर घडवलेले आहेत, पण दरजा पार भुसभुशीत. गवंड्याने सळई घातली तर वीतभर आत गेली.

आतला सिमेंट गिलावा काढताना वेगळाच प्रकार. वर टणटणीत, पण मागे विटेपासून सुटलेला. एक टाचा मारला की पाटाएवढे तुकडे पडत होते. मागच्या विटा हाताला ओल्या आणि वरून गुळगुळीत पांढऱ्या. खरवडलं तर बोटाला मिठासारखे बारीक स्फटिक लागले. ब्रशने कोरडंच झाडून काढलं, गोळा करून बाहेर टाकलं.

चुन्याचं काम करणारा गवंडी शोधायला मात्र जीव मेटाकुटीला आला. सगळे म्हणतात 'सिमेंटात थोडा चुना टाकून देतो'. शेवटी एका देवळाच्या जीर्णोद्धाराच्या कामावरचे एक वयस्कर मिस्त्री मिळाले. त्यांनी चुना महिनाभर पाण्यात मुरवायला लावलाय. गिलावा मार्चनंतर.

घरकोंबडा (२१ नोव्हेंबर)
मिस्त्रींचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना.

कोपरीकर (२१ नोव्हेंबर)
मलाही.

झटपटराव (२२ नोव्हेंबर)
मलाही. (कारण विचारू नका.)

मनीमाऊ (२२ नोव्हेंबर)
:हहगलो: :हहगलो:

चाफेकळी (९ मार्च)
ओळंबा काका, एक शंका. भिंत आता हाताला कोरडी लागते. पण पांढरं अजून येतंय, दर आठवड्याला झाडते. आणि ज्या रंगवाल्याकडे ओल मोजायचं यंत्र आहे त्याने दोन पिना टेकवून 'अजून फुल ओली आहे' म्हणून सांगितलं. मग सुकली की नाही?

ओळंबा (१० मार्च)
त्या यंत्रावर एवढा विश्वास ठेवू नका. ते विजेचा प्रवाह मोजतं, आणि भिंतीत क्षार असले की कोरडी भिंतही ओली दाखवतं. पांढरं येतंय ही उलट चांगली खूण. पाणी बाहेर पडतंय आणि जाताना क्षार पृष्ठभागावर सोडून जातंय. झाडत राहा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर क्षार विरघळून परत आत जातील.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो. जुलैत त्या भिंतीवर पुन्हा गडद डाग दिसले तर घाबरून कोणाला बोलवू नका. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठसुद्धा हवेतून पाणी ओढतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते त्यामुळेच. भिंतीत उरलेले क्षार तेच करणार. दर वर्षी कमी होत जाईल. पहिला चुन्याचा गिलावा क्षार शोषून खराब झाला तर तो काढून दुसरा करायचा, असं धरूनच चला. त्याचं कामच ते आहे.

तर्कट (१० मार्च)
म्हणजे दोनदा खर्च.

ओळंबा (१० मार्च)
कदाचित. आत्तापर्यंत दर दसऱ्याला होतच होता की.

चाफेकळी (११ मार्च)
खर्चाचा हिशेब कोणीतरी विचारणारच म्हणून सांगते: चर, दरजा, पन्हळीचा पाइप आणि गिलावा काढणं, सगळं मिळून टाइल्सवाल्याने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं वर गेलं. चुन्याचा गिलावा अजून व्हायचा आहे, तो धरला तर जवळपास बरोबरी होईल. स्वस्त पडलं असं मी म्हणणार नाही. सासूबाईंनी अजून मला माफ केलेलं नाही, पण परवा शेजारच्या काकूंना चर दाखवत होत्या.

नवा_सभासद_ऐरोली (१४ मार्च)
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. पूर्ण धागा वाचला, डोळे उघडले. आमच्याकडेही अगदी हीच लक्षणं आहेत: बेडरूमच्या भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल, पोपडे, पांढरी भुकटी. म्हणजे जमिनीतून पाणी चढतंय. फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. चर कुठे खणायचा?

ओळंबा (१४ मार्च)
सातव्या मजल्यावर जमिनीचं पाणी चढत नाही. त्या भिंतीपलीकडे काय आहे?

नवा_सभासद_ऐरोली (१४ मार्च)
आमचंच बाथरूम.

ओळंबा (१४ मार्च)
नळ सगळे बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा, रात्रभर पाणी वापरू नका आणि सकाळी परत बघा. आकडा सरकला असेल तर भिंतीतला पाइप. नसेल तर नहाणी ट्रॅपला बोळा घाला, १४ जुलैचा प्रतिसाद वाचा. फोटो टाका.